गारांचा पंचनामा

पत्र्यावर गार वाजली की मला ती केस आठवते, आणि आठवली की आधी स्वतःचाच राग येतो. घरातली माणसं गारा वेचायला अंगणात धावतात, मी मात्र खुर्चीत बसून पत्र्याचा आवाज ऐकत राहतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण एका निरपराध माणसाला चोर ठरवायला मी स्वतः कंबर कसून निघालो होतो आणि गारांनी मला अडवलं, अशी केस एवढी एकच.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. मोठा दुष्काळ अजून यायचा होता. मी फौजदार म्हणून नगर जिल्ह्यात नेवासे तालुक्यातल्या एका ठाण्यावर नुकताच हजर झालो होतो. अंगावर नवा युनिफॉर्म, आणि डोक्यात आपण म्हणजे कोण ही हवा. थंडीचे दिवस होते. समुद्रावर वादळ उठल्याचं रेडिओ दोन दिवस सांगत होता. मुंबई-कोकणात वाऱ्यापावसाने धिंगाणा घातला होता. घाट ओलांडून त्याचं शेपूट एका दुपारी आमच्याकडे फिरलं. आमच्या ठाण्यापुढे नुसती धूळ उडाली, चार थेंब पडले आणि ऊन आलं. मी स्टेशन डायरीत लिहिलं, 'हवामान ढगाळ, पाऊस किरकोळ.' माझ्या दृष्टीने विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक बागायतदार ठाण्यात आले. त्यांच्या वस्तीवरून खिलार बैलांची जोडी चोरीला गेली होती. हरण्या आणि चांद्या. ती जोडी बघायला लोक लांबून गाडी जुंपून येत. तीनच्या सुमारास आभाळ भरून आलं तेव्हा बैल गोठ्यात होते. मालक दुसऱ्या मळ्यात पावसाने अडकले. त्यांच्याकडे पाऊस मुसळधार झाला. दिवेलागणीला परत येऊन बघतात तर दावण रिकामी.

"कोणावर संशय?" मी विचारलं.

"नाव घेऊ नये, पन घ्यावं लागतंय. माझा जुना सालगडी. तीन महिन्यांमागं भांडून गेला. फौजदारसाहेब, खिलार जनावर हाय, परक्याला अंगाला हात लावू देत न्हाई. त्याच्याच हातानं ती लहानाची मोठी झाल्यात."

बरोबर त्यांचा मेहुणा होता. महिनाभर बहिणीकडे मुक्कामाला आलेला, डोक्याला रुमाल गुंडाळलेला, बोलायला गोड. तो पुढे सरकला. "सायब, मी सवताच्या डोळ्यानं बघितलं. काल सकाळी तो घोडेगावच्या अंगाला चालला हुता."

घोडेगाव म्हणजे जनावरांचा बाजार. माझ्या डोक्यात केस तिथेच बसली. कलम ३७९ लावलं आणि दुपारपर्यंत सालगड्याला त्याच्या घरातून उचलला. दोरी लावून, भर गावातून, सगळ्यांच्या ओट्यांपुढून चालवत आणला. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट रुबाब वाटला.

माझी चौकशीची एक पद्धत होती. तोच प्रश्न तीनदा विचारायचा, मध्ये वेळ जाऊ द्यायचा. खोटं बोलणाऱ्याची हकिकत दर वेळी जास्त नीटनेटकी होत जाते. या गड्याची हकिकत तिन्ही वेळा तशीच विस्कटलेली.

"बहिनीच्या वस्तीवर गेल्तो सायब. सोनई आन् घोडेगावच्या मधी हाय. सकाळपासनं तिथंच. चारच्या टायमाला गारा सुरू झाल्या. लिंबाएवढ्या! गारा थांबाव्या म्हनून मी कुऱ्हाड अंगनात फेकली, ती रांजनावर बसली. बहीन म्हनली, मेल्या, गारा थांबल्या न्हाईत, रांजन तेवढा गेला."

गारा थांबाव्यात म्हणून अंगणात लोखंड फेकायची तिकडे रीत आहे, हे मला माहीत होतं. पण गारा? मी सोनईला शिपाई पाठवला. तो सांगत आला, सोनईत नुसती भुरभुर, गार एकसुद्धा नाही. घोडेगावात वारा सुटला, बस्स. तालुक्याच्या कचेरीत पर्जन्यमापक होता, तिथे फोन लावला. कारकुनाने रजिस्टर वाचून दाखवलं, "पाऊस किरकोळ. गारा, निरंक."

झालं. मी कोठडीपुढे उभा राहून गरजलो, "निरंक! कळलं? सरकारी रजिस्टर खोटं आणि तू खरा?"

तो गजांना धरून उभा होता. म्हणाला, "रजिस्टर मला वाचता येत न्हाई सायब. गारा मी अंगावर घेतल्यात."

बहीण साक्ष द्यायला तयार होती. तिची साक्ष मी ऐकलीही नाही. बहीण ती, भावासाठी बोलणारच.

आमच्या ठाण्यात एक जुने जमादार होते, निवृत्तीला टेकलेले. ते हळूच म्हणाले, "साहेब, गारा बांध बघून पडत्यात. एकाचं रान झोडपत्यात आन् शेजारच्याला थेंब न्हाई."

"जमादार, सरकारी रजिस्टर आहे ते!"

"हाय ना. पर ते एका जागी बसलेलं हाय."

माझा पारा चढला. वयाने वडील माणूस, म्हणून राग गिळला. दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटसाहेबांपुढे हजर करून त्याची पोलीस कोठडी घेतली.

त्याची बायको पहिल्या दिवसापासून ठाण्यासमोरच्या लिंबाखाली बसून होती. रडत नव्हती, ओरडत नव्हती. शिपायाने पाणी दिलं तर तिने तांब्या परत केला. म्हणाली, "ह्या ठाण्याचं पानी मी पिनार न्हाई." तिसऱ्या दिवशी सकाळी मी सायकलवरून उतरलो तशी ती उठून माझ्यापुढे आली.

"सायब, एक विचारू? तुमचा पाऊस मापायचा डबा माझ्या ननंदंच्या अंगनात हुता का?"

"नव्हता."

"मंग त्याला काय ठावं, तिथं काय पडलं? माझ्या मालकाला जन्माचा चोर करताय. उद्या सुटून आला तरी कोन त्याला दावणीपाशी उभा करंल? बैलाबिगर दुसरं काय येतंय वो त्याला?"

मी आत गेलो. टेबलाशी जाऊन बसलो, पण कामात लक्ष लागेना. शेवटी जमादारांना म्हटलं, "काढा सायकल."

त्यांना कारण विचारावं लागलं नाही. टायरमध्ये हवा आधीच भरून ठेवली होती!

सोनईपर्यंत कुठेच काही नव्हतं. सोनई मागे टाकून घोडेगावच्या रोखाने निघालो. वाटेतल्या मळ्यात पपईची झाडं होती, पानं टवटवीत. मी जमादारांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं. मग एक ओढा आला. ओढा ओलांडला आणि माझा हात आपोआप ब्रेकवर गेला.

निवडुंगाचं अख्खं कुंपण पश्चिमेच्या बाजूने फुटलं होतं. प्रत्येक पानावर वण, काही पानं तुटून खाली पडलेली. पूर्वेची बाजू मात्र शाबूत. पुढच्या रानात ज्वारी आडवी, पानांच्या चिंध्या. बाभळीखाली मेलेल्या चिमण्या आणि एक पोपट. जमादार सायकल टेकवून उभे राहिले आणि फक्त "हं" म्हणाले.

वस्तीवर गेलो. छपराच्या पत्र्यावर पोचेच पोचे, कोणी हातोडीने ठोकत बसल्यासारखे. मी सालगड्याच्या बहिणीला त्याचा जबाब अजिबात सांगितला नाही. एवढंच विचारलं, "गारा पडल्या तेव्हा काय झालं?"

ती फणकारली. "काय व्हायाचंय! माझ्या भावानं कुऱ्हाड फेकली आन् माझा रांजन फोडला. त्यो बघा, खापऱ्या अजून तिथंच हाय्त." तुळशीमागे खापऱ्यांचा ढीग होता आणि शेजारी कुऱ्हाड. शेजारच्या वस्तीवरच्या दोघांनीही सांगितलं, तो सकाळपासून इथेच होता, गारा थांबल्यावर आमच्याकडे ज्वारी बघायला आला होता. हे दोघे त्याच्या नात्यागोत्यातले नव्हते.

आता मी हट्टाला पेटलो. ही गारपीट नेमकी कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ते पायी चालून बघायचं ठरवलं. ओढ्यापासून निघून घोडेगावच्या दिशेला चालत राहिलो. एका विहिरीपर्यंत सगळं झोडपलेलं आणि विहिरीपलीकडे हरभरा जसाच्या तसा, एक घाटा गळलेला नाही. रुंदी फार तर मैलभर. मी पंच बोलावून त्या पट्ट्याचा रीतसर पंचनामा केला. ओढा, निवडुंग, पत्रा, विहीर, सगळं लिहिलं. पंच हसत होते. गारांचा पंचनामा त्यांनी कधी पाहिला नव्हता. मीही नव्हता.

गडी निर्दोष होता, हे मला त्या विहिरीपाशीच कळलं. लाज वाटली, पण लाजत बसायला वेळ नव्हता. बैल अजून मिळायचे होते, आणि दुसऱ्या दिवशी घोडेगावचा बाजार होता.

परत फिरताना फिर्यादीचा पुरवणी जबाब घ्यायला मालकांच्या वस्तीवर थांबलो. पडवीत बाजावर बसलो, चहा आला. समोर शेवग्याची फांदी डुलत होती. पानगळ नाही, मोडतोड नाही. मालकही म्हणाले, "आमच्याकडं पाऊस लई, पन गार न्हाई एक." मी कप तोंडाला लावला आणि भिंतीवरच्या खुंटीकडे लक्ष गेलं. काळी छत्री टांगलेली. कापडाला सात-आठ भोकं, दोन काड्या वाकलेल्या.

"छत्री कोणाची?"

"आमच्या पावन्यांची," मालक म्हणाले.

मेहुणे आतून आले. रुमाल डोक्याला होताच.

"पाहुणे, त्या दिवशी पावसात तुम्ही कुठे होतात?"

"माडीवर झोपल्तो सायब. भायेर पाऊलच टाकलं न्हाई."

"आणि छत्री?"

"ती? ती... वाऱ्यानं मोडली."

"माडीवर?"

 मी छत्री उघडून त्यांच्या डोक्यावर धरली. भोकांतून उजेड त्यांच्या तोंडावर पडला. "आता रुमाल काढा," मी म्हटलं. त्यांनी काढला नाही. जमादारांनी काढला. टाळूवर आवळ्याएवढं टेंगूळ, वर खपली.

"या वस्तीवर गार नाही. सोनईत नाही, घोडेगावात नाही. ओढा ते विहीर, एवढ्याच पट्ट्यात गारा पडल्या, आणि इथून घोडेगावला बैल न्यायचे तर तो पट्टा ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. आता तुम्ही सांगता, की मी सांगू?"

मग पाहुण्यांनीच सगळं सांगितलं. महिनाभर तेच बैलांना आंबोणाचं खाद्य भिजवून घालत होते, म्हणून बैल त्यांच्यामागे गेले. वाटेत गारांनी गाठलं. बैल बाभळीला बांधून ते छत्रीखाली बसले. पुढे घोडेगावजवळ एका हेड्याच्या, म्हणजे जनावरांच्या दलालाच्या गोठ्यात जोडी पोहोचवली. सकाळी सालगडी त्याच वाटेने जाताना दिसला, तेव्हाच नाव कोणाचं घ्यायचं ते त्यांनी ठरवलं होतं.

मालकांनी कपाळाला हात लावला. "आरं, माझ्याच ताटात जेवत हुतास की रं!" आतून त्यांच्या बायकोचं रडणं ऐकू आलं. पाहुण्यांना मी तिथूनच ताब्यात घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सालगड्याला कोठडीतून काढून बाजारात नेला. दोरी नाही, बेडी नाही. हेड्याने काम चोख केलं होतं. शिंगं साळून तांबडी रंगवलेली, शेपटीचे गोंडे कापलेले. मालकसुद्धा क्षणभर गोंधळले.

"माझ्या दावणीची हायेत," हेडी म्हणाला. "कोपरगावाकडं उसाच्या गाडीला चालत हुती."

 गड्याला वीस पावलांवर उभा केला, बैलांच्या पाठीमागे. म्हटलं, नाव घेऊन हाक मारायची नाही. त्याने जिभेने फक्त च्यक् च्यक् केलं, आंबोण ठेवताना करायचा तसं. दोन्ही बैलांनी माना फिरवल्या. हरण्याने असा हिसडा दिला की खुंटा उपटला! तो धावत आला आणि गड्याच्या छातीवर थोबाड घासायला लागला, चांद्या दावं ताणून हंबरत राहिला. गड्याने हरण्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला बोलावलं. "सायब, हात लावून बघा." पाठीवर टेंगळं होती. गारांची.

सगळा बाजार गोळा झाला होता. कोणीतरी शिट्टी मारली, कोणी टोप्या उडवल्या. मीही मनातून टोपी उडवली, खोटं कशाला बोलू. हेडी पळायला लागला, त्याला जमादारांनी धोतराला धरून खाली बसवला. त्या वयात!

कोर्टाचे सोपस्कार झाले, गडी सुटला, जोडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या हमीवर, मालकांना मिळाली. मालकांनी हात जोडून त्याला दावणीवर परत बोलावलं. मी त्याला म्हटलं, "जा आता, मोकळा झालास."

तो जागचा हलला नाही. "सायब, धरून नेताना समद्या गावानं बघितलं. सोडताना बी बघू द्या."

मी टोपी नीट केली. गावाच्या वेशीपासून तो पुढे, हातात दोन्ही बैलांची दावी, आणि त्याच्यामागे मी, पूर्ण युनिफॉर्ममध्ये, पायी. त्याच रस्त्याने, त्याच ओट्यांपुढून. प्रत्येक ओट्यापाशी थांबून मी मोठ्याने सांगितलं, "या माणसाने चोरी केलेली नाही. चूक माझी झाली." पहिल्यांदा सांगताना शब्द अडखळले. पाचव्या-सहाव्या ओट्यापर्यंत आवाज आपोआप चढला. बायका दारातून बैलांवर पाणी ओवाळून टाकत होत्या, म्हातारे उठून उभे राहत होते, आणि गड्याची मान पावलागणिक वर येत होती.

त्या केसने मला एक गोष्ट शिकवली, ती निवृत्त होईपर्यंत सोडली नाही. कागद खोटा नसतो, पण तो जिथे लिहिला तिथलंच सांगतो. पुढे कुठल्याही केसमध्ये कोणी म्हणालं की 'तिकडे असं नाही झालं', की मी विचारायचो, तिकडे म्हणजे कुठे? आणि स्वतः जाऊन उभा राहायचो.

गड्याच्या घरापाशी आम्ही पोहोचलो. दारात त्याची बायको उभी होती. तिने आधी बैलांच्या पायांवर पाणी घातलं, मग नवऱ्याच्या. मग आत गेली आणि तांब्या भरून आणून माझ्यापुढे धरला.

"घ्या सायब," ती म्हणाली. "ह्या घरचं पानी तुमाला चालंल ना?"

मी तिथेच दारात उभ्याने तो अख्खा तांब्या रिकामा केला.