आईच्या वजनाची स्प्रिंग

बाबा गेल्यावर त्यांची मोटरसायकल तीन वर्षं गोठ्यात तणसाच्या ढिगाला टेकून उभी होती आणि तिच्या सीटवर कोंबड्या बसायच्या. मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी तंत्रनिकेतनात पोरांना मेकॅनिकल शिकवतो. भार आला की स्प्रिंग किती दबते, हे वीस वर्षं फळ्यावर काढून दाखवतोय. प्रत्यक्षात तोवर एकही स्प्रिंग हातात घेतली नव्हती. आमच्या खात्यात तशी गरज पडत नाही.

गरज पडली ती आईमुळे. तिची थोरली बहीण, माझी मोठी मावशी, बपेऱ्याला असते. पावसाळा लागायच्या आधीच ती अंथरुणाला खिळली. दोघी रोज फोनवर बोलायच्या. मावशीला कमी ऐकू येतं म्हणून आई मोहाडीहून एवढ्या मोठ्यानं बोलायची की फोन मध्ये नसता तरी चाललं असतं. मावशीचा शेवटचा प्रश्न ठरलेला होता.

"कधी येतं वो तू?"

आई म्हणायची, "येतो ना बाई. पोरगा गाडीचं पाहून राहिला."

आता गाडीचं काय पाहायचं होतं, तर आईला चारचाकीत बसलं की उलट्या होतात. तुमसर यायच्या आत तिच्या तोंडाला पिशवी लागलेली असते. एसटीत तर ती बसायच्या आधीच, नुसत्या वासानं हैराण होते. माझ्या स्कूटरवरून एकदा तिला तुमसरला नेऊन आणलं, तर दोन दिवस कंबर धरून पडून राहिली. वर म्हणाली, "तुह्या बाबाच्या गाडीवर मले कधी काही झालं नाही."

हे साफ खोटं होतं. धानाचे कट्टे, म्हणजे पोती, लादल्यावर गाडी बसू नये म्हणून बाबांनी मागच्या दोन्ही शॉकअपमध्ये लोखंडी कड्या ठोकून घेतल्या होत्या. त्या गाडीवर मी शाळेत गेलोय. खड्डा आला की आधी गाडी उडायची, मग मी, आणि खाली येताना आमची भेट होईलच याची खात्री नसायची. पण नवऱ्याच्या आठवणीवर आईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी ठरवलं की हीच गाडी उभी करायची आणि तिचा मागचा भाग असा बदलायचा की ती आईच्या आठवणीसारखी चालेल. इंजिनिअर माणसानं यापेक्षा साधा उपाय शोधला असता तर लोक काय म्हणाले असते?

लोक तसेही म्हणतच होते. आमच्याकडे एखाद्यानं अंगणात मोटरसायकल उघडली की अख्खा मोहल्ला डॉक्टर होतो. शेजारच्या निवृत्त तलाठ्यांना कार्ब्युरेटरचा आवाज ऐकू यायचा, इंजिन खाली उतरवून ठेवलेलं असतानासुद्धा. माझा गुरू मात्र मोबाइलमध्ये होता. परदेशातला कुणी दाढीवाला, ज्याच्या गॅरेजची फरशी आमच्या देवघरापेक्षा स्वच्छ होती. त्याचं पाहून मी ठरवलं की मागचे दोन्ही शॉकअप काढून टाकायचे आणि सीटखाली मधोमध एकच बसवायचा. नव्या गाड्यांना असतो तसा.

इंजिन, वायरिंग, टाकी हे सगळं मिस्त्रीनं महिन्याभरात उभं केलं. मिस्त्री माझ्याच वयाचा, नववीपर्यंत माझ्याच वर्गात होता. त्यानंतर तो कामाला लागला आणि मी शिकत राहिलो. एकाच शॉकअपची माझी योजना त्यानं शांतपणे ऐकून घेतली.

"दोन काठ्यांवर चालणाऱ्या म्हाताऱ्याची एक काठी काढून घेऊन राहिले तुम्ही सर," तो म्हणाला. "कायले?"

मी त्याला वहीतलं गणित दाखवलं. त्यानं वही उलटी धरली नव्हती, पण सुलटी धरूनही त्याला काही फरक पडला नाही. त्यानं विचारलं, "माय किती कट्ट्याची आहे?"

मी चिडलो. आईचं वजन मी राइस मिलच्या काट्यावर नेऊन रीतसर केलं होतं. मिलवाला हसत होता आणि आई काट्यावर उभी राहून म्हणत होती, "बाबू, मले विकाले आणलं का?" पन्नास किलो भरली. चाळीस किलोचा कट्टा धरला तर सव्वा कट्टा. मिस्त्रीनं मान हलवली.

"अन् सामान किती राहीन जी?"

"सामान नाही न्यायचं, माणूस न्यायचंय," मी म्हणालो. असं ठणकावून बोलायची मला वर्गातली सवय आहे.

मग सुरू झालं माझं राज्य. अपघातात गेलेल्या एका नव्या गाडीचा शॉकअप मिळवला. तो बसवायला चौकटीला वेल्डिंगनं पट्ट्या जोडल्या. एकदा त्या बोटभर डावीकडे लागल्या आणि चेन उतरू लागली. परत कापल्या, परत जोडल्या. आईच्या वजनाला बेतून स्प्रिंग बनवून घेतली. या सगळ्यात मिरग गेला, रोवणी आटोपली, धान पोटरीला आलं. आई रोज गोठ्याच्या दारात येऊन विचारायची, "झाली का रे?" मी रोज सांगायचो, "पंधरा दिवस." माझ्या विद्यार्थ्यांनी असं उत्तर दिलं असतं तर मी त्यांना वर्गाबाहेर काढलं असतं.

दिवाळीनंतर गाडी झाली. मिस्त्रीनं सीटवर सव्वा कट्टा धान बांधून ती नहराच्या पुलावरून नेली. कट्टा हलला नाही. मी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू चाकाचा शोधही मीच लावला होता.

निघायच्या सकाळी आई नवं लुगडं नेसून बाहेर आली. तिच्या मागोमाग बाकीचं आलं: नव्या तांदळाचा एक भरलेला कट्टा, पोह्याची पिशवी, लाखोरीच्या डाळीची पिशवी आणि एक कोहळा. धान निघाल्यावर आमच्या जिल्ह्यात कुठली बाई बहिणीकडे रिकाम्या हातानं जाते? हे मला जन्मापासून माहीत होतं. फक्त माझ्या गणितात आई कुठेच जात नव्हती, नुसती सीटवर बसली होती.

सामान बांधलं, आई बसली आणि गाडी म्हशीसारखी मागच्या अंगावर बसली. मडगार्ड टायरला घासू लागलं. फाटकापर्यंत गेलो तर रबर जळाल्याचा वास आला. तलाठी कुंपणाशी उभेच होते. त्यांनी नाकाला रुमाल लावला.

आई खाली उतरली. आपल्या हातानं दोरी सोडून तिनं कट्टा फाटकाशी खाली घेतला, कोहळाही ठेवला.

"राहू दे घरी," ती म्हणाली. "मी तशीच येतो. चाल."

आईनं असं म्हणणं साधं नव्हतं. रिकाम्या हातानं जाणाऱ्या बायकांविषयी ती काय बोलते ते मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. पण मला त्या वेळी फक्त टायरवरचा काळा पट्टा दिसत होता. मी म्हणालो, "नाही. पूर्ण लोडवर चालली पाहिजे. पंधरा दिवस थांब."

ती थांबली. लुगडं बदलून आली आणि चूल पेटवायला गेली.

जाड तारेची नवी स्प्रिंग आठ दिवसांत आली. आली तशी बसवली असती तर काम झालं होतं. पण ती काळी होती आणि दाढीवाल्याची लाल होती. मी ती रंगवायला नागपूरला पाठवली. त्यात आणखी आठ दिवस गेले. त्या दिवसांत मावशी फोनवर येईना; तिची सून सांगायची, "झोपल्या आहेत जी."

मग मात्र गाडी अशी चालली की काय सांगावं. कट्टा, कोहळा, आई, मी, सगळे एका अंगानं चाललो होतो. तुमसरनंतरचा रस्ता मुद्दाम छळायला बनवल्यासारखा आहे, पण मागून एकदाही "अगं माय" ऐकू आलं नाही. सिहोऱ्याला चहा घेतला तेव्हा टपरीवरच्या दोघांनी गाडीभोवती फिरून स्प्रिंग पाहिली. मी त्यांना ती पूर्ण समजावून सांगितली. आई हातात रिकामा कप धरून वाट पाहत होती.

बपेऱ्याला मावशी खाटेवर उशीला टेकून बसली होती. आई तिच्याजवळ बसली, तिचा हात हातात घेतला. मावशीनं तिच्याकडे पाहिलं, अनोळखी पाहुण्याकडे पाहावं तसं, अदबीनं. आईनं तिच्या कानाशी तोंड नेऊन आपलं माहेरचं नाव तीनदा सांगितलं. मावशीनं ऐकून घेतलं आणि सुनेकडे वळून म्हणाली, "पाव्हणीले चहा दे वो."

सून, म्हणजे माझी वहिनी, मला बाजूला घेऊन म्हणाली, "मागच्या सोमवारपर्यंत चांगल्या होत्या जी. दारात गाडी वाजली का विचारत, आली का ते. आता आठ दिवस झाले, कोणालेच नाही ओळखत."

ते आठ दिवस कुठे गेले होते, ते मला माहीत होतं.

आई दुपारभर तिथेच बसली. पिशवी सोडून नवे पोहे मावशीच्या तळहातावर ठेवले, लहानपणीचं काहीबाही सांगत राहिली. मावशी मान हलवत होती. निघताना आई तिच्या पाया पडली तेव्हा मावशीनं आशीर्वाद दिला, सगळ्यांना देतात तोच.

परतताना सिहोरा मागे पडल्यावर आईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबू, कंबर नाही दुखली," ती म्हणाली. "चांगली केली तू गाडी."

सहा महिने मी या एका वाक्यासाठी राबलो होतो. मी "हो" म्हणालो. पुढचा रस्ता नीट दिसेना, म्हणून गाडी बांधाच्या कडेला घेऊन थांबवली. आईला वाटलं काही तुटलं. ती घाईनं उतरली आणि वाकून स्प्रिंग पाहू लागली.