भडगावच्या आखाड्यातली शेवटची कुस्ती

माझी मुलगी नर्स म्हणून जर्मनीला जायची तयारी करते आहे. काल ती शब्द पाठ करत होती, "आबा, पैलवान म्हणजे रिंगर. हरला म्हणजे फेरलोरेन, आणि हरवला म्हणजेही फेरलोरेनच."

मी थकल्या अंगानं भिंतीला टेकलो आणि भडगावच्या आखाड्यात पोचलो. तिथं आता कापसाचं गोदाम आहे. तेव्हा तिथल्या लाल मातीला ताक, तेल आणि हळदीचा वास यायचा. आखाडा मोडण्याआधीच्या शेवटच्या कुस्तीत माझ्यासमोर युसूफ होता, शिंप्याचा मुलगा, माझा रोजचा जोडीदार. त्यानं मला पार दाबलं होतं. पाठ टेकणार, तेवढ्यात त्याची पकड सैल झाली. मी उसळलो आणि जिंकलो.

हौदावर अंग धुताना मी चिडून विचारलं, "मुद्दाम सोडलंस ना?"

"तुना बाप समोर बठेल व्हता, भाऊ," तो म्हणाला.

आजारी वडील त्या दिवशी खाटेवरून उठून कुस्ती बघायला येऊन बसले होते.

मी त्याच्याशी बोलणं तोडलं. पुढं तो सुरतेला गेला, तो गेलाच. त्यानं माझा अपमान केला नव्हता, हे कळायला मला म्हातारं व्हावं लागलं. वडील त्यानंतर महिनाभरच जगले, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तीच कुस्ती सांगत राहिले.