चार्जिंग होईस्तोवर बसा

आमच्या शेळगावच्या वस्तीवर बॅटरी म्हटलं की हातात धरायची टॉर्च. तिच्यात जे घालतात तो सेल. हे आधीच सांगते, कारण त्याच्यावरनं आमच्याकडं मोठी गंमत झाली होती, आणि गमतीनंतर जे झालं ते सांगायला मला अजून जड जातं.

आमच्या घरात एक पिवळा दिवा आहे. जेवणाच्या डब्याएवढा, चौकोनी, मागं टेकवायला पाय. वायर नाही. खाली ड्रिल मशीनची काळी बॅटरी सरकवायची, टक् वाजलं की बसली. बटण एकदा दाबलं की मंद उजेड, दुसऱ्यांदा दाबलं की पत्र्याच्या सांदीतली पालसुद्धा दिसते.

आमचे हे बारामतीच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला होते. उभा जन्म मोटारसायकलवर गेला, सकाळी जायचं आणि काळोख पडता यायचं. रिटायर झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हौसेनं ड्रिल, ग्राइंडर आणि हा दिवा घेतला. तिन्हीला एकच बॅटरी चालते ह्याचं त्यांना भारी कौतुक. मला म्हणायचे, "बघ, एका चुलीवर तीन भांडी." मग कुणाचं फाटक, कुणाच्या गोठ्याची दावण, कुणाचा पत्रा, असं काय काय करत बसायचे, आणि दिवा धरायला मी. "जरा खाली. अगं माझ्या तोंडावर नको, मी काय नवरदेव हाय? नटावर धर, नटावर." दिवा धरून धरून माझा हात अवघडायचा, पण मला ते आवडायचं. माणूस कामात असला की बोलत नाही, पण उजेडापुरता आपल्याजवळ असतो.

ते जाऊन तीन वर्षं झाली. लेक काटेवाडीला दिलेली. तिच्याकडं गाई, भाजीपाला, सासू आजारी. ती रोज फोन करते, पण फोन ठेवला की घर आणखीनच गप्प होतं. ड्रिल आणि ग्राइंडर मी पोत्यात बांधून माळ्यावर टाकले. दिवा तेवढा बाहेर ठेवला, कारण आमच्याकडं लाईट कधी जाईल त्याचा नेम नाही.

तर ती गंमत. बांधापलीकडं एक नवरा-बायको राहतात. त्यांची पोरं पुण्याला. त्यातले तात्या एका संध्याकाळी आले. "आक्का, जरा बॅटरी द्या. ठिबकचा पाइप फुटलाय." आता मला ह्यांनी शिकवलेलं, की तो काळा ठोकळा म्हणजे बॅटरी. मी शहाणी, तेवढाच काढून दिला. तात्या घाईत होते. पिशवीत टाकून शेताच्या पार कडेला गेले. अर्ध्या तासानं परत. "आक्का, ही वीट घिऊन मी काय पाइपाला मारू?"

आधी मी बघतच राहिले. मग कळलं, आणि दोघंही असे हसलो की तात्याची बायको बांधावरनं हाक मारायला लागली, "काय झालं हो? साप निघाला का काय?" तीही आली. चहा झाला. माझ्या घरात किती महिन्यांनी कुणीतरी हसलं होतं. ती दोघं गेल्यावर मी कपबश्या लगेच विसळल्या नाहीत, तशाच ठेवून त्यांच्याकडं बघत बसले.

पुढं दिव्याचं नाव झालं. कुणाच्या ट्रॅक्टरचं काम निघालं, कुणाच्या विहिरीवरच्या मोटारीची पेटी जळाली, कुणाला डाळिंबं निवडायची राहिली, की आले आमच्याकडं. माझ्या सासूबाईंचा नियम होता, दिवेलागण झाली की घरातलं मीठ, ताक आणि दिवा बाहेर द्यायचा नाही, लक्ष्मी जाते. पण दिवा मागायला माणूस दिवेलागणीलाच येणार ना! मग मी युक्ती काढली. दिवा वेगळा द्यायचा, बॅटरी वेगळी द्यायची, आणि सांगायचं की उंबऱ्याबाहेर गेल्यावर बसवा. बॅटरी घातली नाही तोवर तो दिवा नव्हेच, नुसता डबा. तात्याची बायको म्हणायची, "आक्का, लक्ष्मीला पण फसवता व्हय तुमी."

लोक यायचे, पण दारातनंच घ्यायचे आणि जायचे. "बसा की" म्हटलं की "न्हाय आक्का, काम खोळंबलंय." बरोबरच आहे, काम असतं म्हणूनच दिवा लागतो. एकदा मात्र बॅटरी उतरलेली होती आणि तात्याची बायको दिवा मागायला आली. मी म्हटलं, "तासभर लागंल बाई, चार्जिंग होईस्तोवर बस." ती बसली. पोरांचं बोलली, सुनेचं बोलली, पहिलं बाळ गेलं होतं त्याचं बोलली. ते तिनं कुणाला सांगितलेलं नव्हतं. चार्जरचा तांबडा दिवा हिरवा झाला ते आम्हा दोघींनाही कळलं नाही.

तिथनं माझ्या डोक्यात शिरलं.

मी बॅटरी रिकामी ठेवायला लागले. कशी, ते लिहायला लाज वाटते. दुपारी जेवण झालं की आतल्या खोलीत जायचं, दिव्याचं तोंड भिंतीकडं करायचं आणि दोनदा बटण दाबून सोडून द्यायचं. बाहेर रणरणतं ऊन, आणि आत माझा दिवा भिंतीवर जळतोय. मी खाटेवर पडून त्याच्याकडं बघायची. दोन-अडीच तासांनी तो मिचमिच करून बंद पडायचा. मग मी निवांत व्हायची. आता संध्याकाळी कोण येईल ते बसेल.

आणि बसायचे लोक. कोण पायरीवर, कोण ओट्यावर. काही जण कुरकुरले, दुसरीकडं जायला लागले. तात्याची बायको मात्र यायचीच. मला चिडवायची, "आक्का, तुमची बॅटरी म्हंजे आमच्या सासूबाई. कवाबी बघा, उपाशीच!" मी हसायची. सख्ख्या बहिणीनं माझी वेणी घातली नसेल, ती ह्या बाईनं घातली, चार्जिंग होईस्तोवर.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. तिची जरशी गाय व्यायला झाली होती, आज व्याली की उद्या, असं. तिनं ती कालवड असल्यापासून वाढवलेली. हाक मारली की चारा सोडून मान वर करायची. मला ठाऊक होतं, गाय अडली-नडली तर ती दिवा मागायला येणार. आणि ठाऊक होतं म्हणूनच त्या दुपारी मी दिवा भिंतीकडं केला. लपवत नाही. गाय व्यायच्या आधी ती माझ्याजवळ तासभर बसेल, एवढाच विचार केला. पुढचा केला नाही.

संध्याकाळी वावटळ सुटली. रस्त्यापलीकडं फांदी तारेवर पडली आणि सगळ्या वस्तीची लाईट गेली. आधी मला वाटलं, येईल आत्ता लाईट. एवढ्यात ती पळत आली, पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात ओले.

"आक्का, लाईट गेलीय, तुमचा दिवा द्या. वासरू काढलं डाक्टरांनी, पण गाईचं रगत थांबंना. डाक्टरांना दिसंना झालंय."

मी बॅटरी सरकवली. टक् झालं. बटण दाबलं. एकदा मिचकला आणि गेला.

"चार्जिंगला लावा की!" ती म्हणाली. मग तिचं तिलाच कळलं. चार्जिंगला लाईट लागते. तशीच माघारी पळाली.

मी मागनं गेले. देवघरातली मेणबत्ती घेतली, ती वाऱ्यानं बांधावरच विझली. गोठ्यात तात्या मोबाईलचा उजेड धरून उभे, तो गाईच्या पाठीवरच पडतोय. डॉक्टरांची मोटारसायकल दारात लावलेली, पण तिचा उजेड दारातच संपत होता, आणि गाय बसलेली आतल्या कोपऱ्यात, तिला हलवायचं नव्हतं. डॉक्टर सारखे म्हणत होते, "उजेड धरा. खाली, खाली. हात दिसंना मला." मी तिथं उभी होते. माझ्या हातात तो पिवळा डबा होता, तो कधी उचलून आणला ते मलाच कळलं नव्हतं. खाली कसा धरायचा हे त्या गोठ्यात मला जेवढं येत होतं तेवढं कुणाला येत नव्हतं.

लाईट आली तेव्हा गाईनं मान टाकलेली होती. गोठ्यातला बल्ब लागला आणि सगळं एकदम दिसलं. ते मी लिहीत नाही.

डॉक्टर हात धुताना म्हणाले, "उजेड असता तर वाचलीच असती असं मी म्हणणार नाही. पण बघायला तरी मिळालं असतं."

दुसऱ्या दिवशी तात्या उलट माझीच समजूत घालायला आले. "आक्का, तुमी वाईट वाटून घिऊ नका. बॅटरी जुनी झालीय. मालक असते तर नवी आणली असती." मी मान हलवली. मेलेल्या माणसावर ढकललं गेलं आणि मी ढकलू दिलं.

रात्री लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, कुणाला सांगू नकोस. गाय काय परत यायची न्हाय. शेजार जाईल तुझा." खोटं नव्हती बोलत. वस्तीवर माझं म्हणावं असं एकच माणूस होतं. सांगितलं तर ते जाणार. नाही सांगितलं तर ते माझ्या शेजारी बसणार, वेणी घालणार, आणि मी तिच्याकडं पाठ करून बसणार. आठ दिवस मी हेच इकडनं तिकडं करत होते.

नवव्या दिवशी ती आली. दुपारची, लख्ख उन्हात. दिवा मागायला नाही. "करमंना आक्का," म्हणाली आणि ओट्यावर बसली. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा काही कामाशिवाय आली होती. त्यानंच मला गप्प बसवेना.

"बाई, ती बॅटरी जुनी न्हवती," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"मी ती रिकामी करून ठेवायची. रोज. त्या दिवशीबी केली."

तिला समजेना. "रिकामी? कशापायी?"

"चार्जिंग होईस्तोवर तू बसावीस म्हणून."

ती रागावली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मी पदर पसरून घेतल्या असत्या. ती हळूच म्हणाली, "मला वाटायचं, तुमास्नी वापरायची जमत न्हाय. मी घरी ह्यांना म्हणायची, म्हातारीला चार्जिंगचं समजत न्हाय, तिला हसू नका." मग उठली. चपला घालताना तिचा पाय दोनदा चुकला.

त्यानंतर ती आली नाही. तात्यांनी बारामतीहून मोठी टॉर्च आणली, असं कानावर आलं. मी बॅटरी कायम भरलेली ठेवते आता. अजून कुणी कुणी दिवा न्यायला येतं, दोन मिनिटांत घेतं, जातं. आणून देताना फाटकाच्या कडीला पिशवी अडकवून जातं. हाक मारत नाहीत. मला राग येत नाही त्यांचा. लेक म्हणते काटेवाडीला ये. तिला म्हटलं, "येईन, पण पळून आले असं नको."

ह्या सगळ्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती फार उशिरा. इतक्या वर्षांत मी कधी तिच्या दारात गेले नव्हते. मयताला, बारशाला गेले, ते वेगळं. पण उगाच, रिकाम्या हातानं, नुसतं बसायला कधीच नाही. बाईमाणसानं कामाशिवाय कुणाच्या दारात जाऊ नये, असं मला लहानपणी सांगितलेलं, आणि मी ते दागिन्यासारखं जपलं. येणं-जाणं हवं होतं मला, पण येणं त्यांनीच करायचं आणि जाणंही त्यांनीच.

परवा दुपारी मी बांध ओलांडला. हातात काही नेलं नाही. चार केळी न्यावीत असं वाटलं होतं, मग वाटलं, केळी नेली की पुन्हा ते काम झालं.

ती अंगणात बियाण्याच्या शेंगा फोडत बसली होती. ते वासरू, आता चांगलं थोराड झालंय, कालवडच आहे, खुंट्याला बांधलेलं. तिनं वर बघितलं. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी पायरीखालीच टेकले. जरा वेळानं तिनं सूप पायानं थोडंसं माझ्याकडं सरकवलं.

आम्ही शेंगा फोडल्या. टरफलं वाजत होती, तेवढाच आवाज. एकदा मला वाटलं काहीतरी बोलावं, गाईचं बोलावं, पण तिनं मान वर केली नाही. दाणे एका बाजूला, किडके एका बाजूला. माझी बोटं दुखायला लागली तरी मी थांबले नाही. ऊन अंगणातनं भिंतीवर चढलं. सूप संपलं तसं तिनं दाणे डब्यात ओतले आणि टरफलं गोळा केली. मी गुडघ्यावर हात ठेवून उठले.

"उद्या नका येऊ," ती पाठमोरी म्हणाली. "उद्या बाजाराला जायचंय मला."

"बरं," मी म्हटलं.

परवा या किंवा नको, असं ती काही म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.