चव बघायचा मान

कारखान्याच्या कॅन्टीनमधले आचारी सगळ्यांचे मामा होते, पण भट्टीपाशी ते कुणाचेच नव्हते. पदार्थ चाखायचा मान त्यांचा एकट्याचा. दुसऱ्या कुणी पातेल्यात पळी बुडवली की मामांचं डोकं फिरायचं, आणि रक्तदाब तर आधीच चढून बसलेला.

दवाखान्यातले चौघे त्यांच्यामागे हात धुऊन लागले होते. डॉक्टर गोळ्या ठरवत, सिस्टर रक्तदाब मोजत, औषधांच्या खिडकीवरचे दादा गोळ्या संपायच्या आत फोन करत आणि आरोग्यसेविका ताई घरी येऊन चौकशी करत. मामा नेमाने गोळ्या घेत. मामींनी घरचं जेवण इतकं अळणी केलं होतं की मामा करवादत, "यापेक्षा गरम पाणी पिऊन झोपतो!" तरी आकडा तसूभर हलेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "मामा, पुढच्या खेपेलाही असाच निघाला तर भट्टी सोडायची. या रक्तदाबावर एवढ्या उष्णतेत मी तुम्हाला उभं राहू देणार नाही."

मामांच्या पायांखालची जमीनच सरकली. त्यांचे थोरले भाऊ रक्तदाबानेच असे एक दिवस कोसळले आणि तेव्हापासून अंथरुणाला खिळले होते. आणि भट्टी सोडून करायचं काय, घरात भिंती बघत बसायचं?

इकडे चौघांनी डोकी एकत्र केली. दादा म्हणाले, "गोळ्या अगदी वेळेवर नेतात." ताई म्हणाल्या, "घरची भाजी मी खाऊन पाहिलीय. मिठाचा पत्ता नाही." सिस्टर म्हणाल्या, "मग दिवसभर असतात तिथे जाऊन बघा की!"

ताई दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये जाऊन बसल्या. मामा रस्सा चाखत, भाजी चाखत, मीठ घालून पुन्हा चाखत. आणि चाखणं म्हणजे तळहातावर थेंब नव्हे, चांगली वाटीभर!

"मामा, हे काय चाललंय?"

"चव बघतोय."

"अहो, ही चव नाही, हे जेवण झालं!"

मामा गाल फुगवून बसले. पण भावाचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना. अखेर त्यांनी भाजी चिरणाऱ्या काकूंपुढे पळी धरली. "तुम्ही बघा."

काकूंनी बिनधास्त सांगितलं, "मीठ जरा कमी आहे." मामांनी राग गिळला आणि मीठ घातलं.

पुढच्या खेपेला सिस्टरनी दोनदा मोजलं. डॉक्टरांनी आकडा पाहिला आणि हसले. "उतरला की! राहा भट्टीवर. मात्र चाखणं काकूंचंच." मामांच्या छातीवरचा धोंडा उतरला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

सिस्टरनी सोबत आलेल्या मामींचाही दंड पुढे ओढला. "तुमचा तर छान आहे. तुम्ही नेहमीसारखंच जेवता ना?"

"नाही हो, ह्यांच्यातलंच. एकट्याला अळणी खायला घालणं जिवावर आलं."

मामा बघतच राहिले. अख्ख्या कारखान्याची चव सांभाळणाऱ्या या माणसाने इतके महिने बायकोच्या ताटात डोकावूनही पाहिलं नव्हतं. वर रोज तिच्याच स्वयंपाकाला नावं ठेवली होती. त्यांना फार लाजल्यासारखं झालं.

घराकडे निघाल्यावर ते मामींना म्हणाले, "आज स्वयंपाक मी करतो. तुझ्या भाजीत मीठ किती, ते तू सांग."