वाघानं न शिवलेली मुलगी

मी वाचायला शिकलो ते पत्रकांवर. वडील चळवळीतून घरी परतले तेव्हा त्यांच्या पेटीत कपड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. छापलेला कागद एकट्यानं मनातल्या मनात वाचायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. चार माणसं बसवायची आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायचं. एकोणिसाव्या वर्षी मी चांद्याच्या एका साप्ताहिकाचा मोहर्लीकडचा बातमीदार झालो, तेव्हाही ही सवय होती. तिनंच घात केला.

पाठवलेल्या बातम्यांतलं काय छापून येतं, याचं मला भारी कुतूहल असे. मुलांविषयी मी पुष्कळ लिहिलं होतं. गावात शाळा नाही, पोरं जंगलातून दोन कोस चालत जातात, हे तर तीनदा लिहिलं. एकदाही आलं नाही. एक पोरगा तळ्यात बुडाला, ते आलं. एकाला साप चावला, ते आलं. वर्षाचे अंक पुढ्यात घेऊन बसलो, तर आमच्याकडची पोरं त्यांत फक्त मरत होती, नाही तर मरता मरता वाचत होती.

म्हणून त्या फाल्गुनात मी एक युक्ती केली. आमच्या शेजारच्या मासेमार ढिवराची मुलगी बारा वर्षांची होती, चौथीत शिकत होती. चार लहान पोरांना घेऊन शाळेला निघाली असताना तिला वाटेत वाघ बसलेला दिसला. तिनं पोरांना गुपचूप मागं वळवलं, तळ्याच्या पाळीवरून लांबचा फेरा घालून शाळेत पोचवलं आणि उशिरासाठी मास्तरांच्या छड्याही खाल्ल्या. मला सांगायचं होतं ते शाळेचं. पण नुसती शाळा कोण छापतो? वाघ पहिल्या ओळीत घेतला, शाळेची मागणी शेवटी ठेवली.

अंक आला. पारावर लोकांना बसवलं, मुलीच्या बापाला मुद्दाम बोलावलं आणि सवयीप्रमाणे थेट वाचायला सुरुवात केली. मथळा होता, 'वाघाच्या जबड्यातून सुटलेली वीरबाला'. पुढं तिच्या खांद्यावर पंजाच्या खुणा होत्या, रक्त होतं. मी तिथंच थांबायला हवं होतं. पण मोठ्यानं वाचताना मध्येच थांबायचं मला कोणी शिकवलंच नव्हतं. शेवटपर्यंत वाचलं. शाळेविषयी एक शब्द नव्हता.

आमच्या तळ्याची एक रीत होती. वैशाखात पाणी उतरलं की सगळी घरं एकाच दिवशी जाळी घेऊन आत शिरत. त्या दिवशी वाघानं शिवलेलं माणूस पाण्यात नको. आधी वाघोबाची पूजा, मग पाणी. नाही तर जाळ्याला मासा लागत नाही, अशी समजूत. मुलीचा खांदा बायांनी पाहिला. ओरखडाही नव्हता. पण पारावरच्या सर्वांत म्हाताऱ्या ढिवराला ते पटेना. पेपरवाल्याला खोटं छापून काय मिळणार होतं? पोरगी भिऊन लपवत असेल, असं त्यानं ठरवून टाकलं. तसा तो मायाळू माणूस. पूजेचा कोंबडा मी देतो म्हणाला. फक्त वाघानं कुठं शिवलं, ते देवासमोर तिनं सांगायचं.

ती म्हणाली, "मले शिवलंच नाई. मंग कुठी शिवलं मनून सांगू?"

देवासमोर खोटं बोलायला ती तयार होईना. बापानं तिचं तळं बंद केलं आणि वाट धोक्याची म्हणून शाळाही. दुसऱ्या दिवशी ती आमच्या दारात आली.

"तूच वाचलं ना भाऊ? आता उलटं छापून आन."

मी सायकल काढली आणि चांदा गाठलं. संपादक काही वाईट माणूस नव्हते. चहा पाजला, दोन पानी खुलासा नीट वाचला आणि म्हणाले, "वाघानं न शिवलेल्या मुली घरोघर आहेत. याची बातमी कशी व्हायची?" मी भाषण केलं. सत्य, जनता, पत्रकाराचा धर्म, सगळं आलं त्यात. भाषण संपलं तेव्हा संपादक मुद्रितं तपासत होते. मग मला खरोखरच जाणून घ्यायचं होतं म्हणून विचारलं, पंजाच्या खुणा कोणी काढल्या?

"सुरुवात तुमची," ते म्हणाले. "पहिल्या ओळीत वाघ बसवलात. तो काहीच न करता निघून गेला, तर वाचक आम्हाला विचारतो."

मी खुलाशाच्या दोन पानांची घडी करून खिशात घातली.

पलीकडे एक म्हातारा कंपोझिटर छपाईचे खिळे जुळवत होता. पान कसं भरतं ते बघत मी तिथंच रेंगाळलो. एका दुकानाची जाहिरात आली नव्हती. चौथ्या पानाच्या तळाशी तीन ओळींची जागा उघडी पडली होती. म्हाताऱ्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तीन ओळीत बसन असं हाय काय काही?"

दोन पानांना लागला नव्हता इतका वेळ मला त्या तीन ओळींना लागला. 'मागील अंकातील मुलीस वाघाने शिवले नाही. वाघ टाळून ती शाळेत गेली. ती चौथीत शिकते.' संपादकांनी पाहिलं आणि जागा भरली म्हणून मान हलवली.

या वेळी अंक मी आधी मनात वाचला. पारावर वाचायला तिलाच दिला. तिनं बोट ठेवून तिन्ही ओळी वाचल्या. म्हाताऱ्या ढिवरानं पुन्हा वाचायला लावल्या, मग अंक हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, उतरू द्या पोरीला तळ्यात.

बाप उठला. वाट मात्र धोक्याचीच, असं काहीतरी पुटपुटला.

"बाबा, चौथीत शिकते मनून छापलं हाय," ती म्हणाली. "मी घरी बसली, त पेपर पुन्हा खोटा पडन."

बाप माझ्याकडे बघत राहिला, जणू हेही मीच लिहून दिलं होतं. सकाळी पाळीवरून पाच पोरं शाळेला जाताना दिसली. पुढं बाप होता, खांद्यावर कुऱ्हाड घेऊन.