नांगीवाली टिक्की

आमच्या दाजींनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू नुसत्या हाताने उघडलेली नाही. लोणच्याची बरणी असो, नारळ असो की पाहुण्यांनी आणलेला पेढ्यांचा पुडा असो, दाजी आधी मान वाकडी करून तिच्याकडे बघतात, मग खिशातून पाना किंवा चिमटा काढतात आणि "थांबा, हात लावू नका, आटे जातील" असं बजावून कामाला लागतात. पेढ्यांच्या पुड्याला आटे नसतात हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नाही. दाजी म्हणजे माझ्या चुलतबहिणीचे, अक्काचे, यजमान. राहणार देवळाली प्रवरा. सारा जन्म साखर कारखान्यात फिटर म्हणून गेला. निरोपाच्या दिवशी लोक शाल आणि नारळ घेऊन घरी येतात. दाजींनी नारळ तिथल्याच वाइसच्या लोखंडी जबड्यात धरून फोडला, सगळ्या पाळीला वाटला आणि शाल घरी आणून हत्यारांच्या पेटीवर पांघरली. ती अजून तिथेच आहे. अक्काने थंडीत एकदा ती अंगावर घेतली, तर म्हणाले, "अगं, पाने गंजतील की."

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा स्वतःचा कारखाना आहे, पण त्यांचं लक्ष कायम अक्काच्या स्वयंपाकघरावर. कुकरची शिट्टी झाली की हे ओट्याजवळ जाऊन कान देणार, "प्रेशर बराबर हाय" असा दाखला देणार, मगच गॅस बंद करायला परवानगी. एकदा त्यांनी अक्काच्या भाकरीची जाडी कॅलिपरने मोजली आणि "कडंला एक सूत जास्ती भरती" असं जाहीर केलं. त्या दिवशी अक्काने त्यांच्या ताटात भाकरी वाढलीच नाही, कॅलिपर वाढला. दाजींनी तो शांतपणे पुसून खिशात घातला आणि पिठलं भाताबरोबर खाल्लं. या माणसाला राग येत नाही. राग आला तर शेडमध्ये जाऊन वाइस घट्ट करतात, एवढंच.

या दाजींच्या घरी माझी काकू, म्हणजे अक्काची आई, म्हणजेच दाजींची सासू, काका गेल्यावर राहायला आली. काकूला मुलगा नाही. अक्का एकुलती. तरीही जावयाच्या दारात राहायचं म्हणजे काकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. लेकीच्या घरी पाणीसुद्धा मोजून प्यावं अशा समजुतीत ती वाढलेली. पहिली आठ वर्षं तिने त्या घरात कधी तोंड उघडून काही मागितलं नाही. चहा दिला तर घेतला, नाही दिला तर नाही. आणि दाजींना तिने शेवटपर्यंत हाक मारली ती "पाव्हनं" म्हणूनच. स्वतः त्यांच्याच घरी राहून त्यांनाच पाव्हनं म्हणायचं, हा खाक्या फक्त आमच्या काकूलाच जमू शकतो. दाजी बिचारे तिला "मामी, मामी" करत मागे फिरायचे. तिच्या खाटेच्या पायांना त्यांनी रबरी बूट बसवले, काठीला सायकलची घंटी लावली. काकूने घंटी एकदाच वाजवली, तीही दाजी समोरून हलेनात म्हणून.

पुढे काकूचे दात गेले. कवळी करून आणली, पण ती डब्यात राहायची. लग्नाकार्यात फोटोपुरती बाहेर यायची. दात गेले आणि काकूचं जेवणही गेलं. अर्धी भाकरी दुधात कुस्करून खायची आणि ताट सारायची. "बास झालं. बसून खानाऱ्याला किती लागतंय?" अक्का आत जाऊन डोळे पुसायची. आईचं अंग दिवसेंदिवस उतरत होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. मी सुट्टीला नगरहून गेले तेव्हा काकूच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकत होत्या. मी विचारलं, "काकू, काय खावंसं वाटतं गं?" ती कधी नव्हे ते हसली. "मला व्हय? खेकडं. पर त्ये आता कुठं? खेकड्याला दात लागत्यात, बाई."

काकू तरुणपणी खेकडे धरण्यात पटाईत. शेतीसाठी पाटाला सोडलेल्या पाण्याचं आवर्तन बंद झालं, पाणी ओसरलं की बिळात हात घालून खेकडा बाहेर काढायची, आणि तोही कडेवर अक्का असताना. काकूचं हे बोलणं दाजींनी माझ्या मागे उभं राहून ऐकलं. दुपारी मोबाईल घेऊन शेडमध्ये बसले आणि तासाभराने बाहेर आले ते चेहरा उजळूनच. व्हिडिओत कुणा परदेशी बाईने खेकड्याचं मांस काढून त्याच्या टिक्क्या केल्या होत्या. दात नको, काही नको. फक्त एका गोष्टीने दाजी खट्टू झाले होते. "ती बाई डब्यातला खेकडा घेती हो. डबा उघडला की झालं. मग त्यात कारागिरी ती काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी वेल्डिंगचे हातमोजे घालून पाटावर गेले आणि बादलीभर खेकडे घेऊन आले. शेडमध्ये चूल मांडली, हळद-मीठ घालून खेकडे उकडले आणि एकेक खेकडा वाइसमध्ये धरून, दांड्याचा एक आटा, मग अर्धा आटा, असं करत कवच फोडलं. आत काहीच नाही. पाणी. दुसरा फोडला, पाणी. बादलीभर खेकड्यांतून वाटीच्या तळाला लागेल एवढं मांस निघालं. दाजींनी मग लाज राखायला त्यात बटाटा कुस्करून घातला, टिक्क्या केल्या आणि काकूपुढे ठेवल्या. काकूने एक घास तोंडात घोळवला. "पाव्हनं, ह्यो बटाटा हाय."

"थोडा हाय, मामी. खेकडंच पोकळ निघालं."

"निघनारच की. परवा पुनव हाय. चांदन्यातला खेकडा पोकळ ऱ्हातो, आवसंला भरतो. येवढा कारखाना चालवला तुमी, अन् येवढं ठाव न्हाई?" दाजी आयुष्यभर तीन पाळ्यांच्या हिशेबाने जगलेले, तिथी बघून काम करायचं असतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी जाऊन वाइस घट्ट केला. पण संध्याकाळी कॅलेंडरवर अमावास्येच्या भोवती लाल पेनने गोल काढला, तोही कंपासने.

अमावास्येला मी मुद्दाम पुन्हा गेले. या वेळी खेकडे असे भरलेले की कवच उचकटताना दाजी "आहाहा" म्हणत होते. अक्का आणि मी मदतीला बसलो. पायातलं मांस काढायला दाजींनी आम्हाला एकेक वाकवलेली तार दिली होती. पाय पोकळ झाले की ते आम्ही पाट्यावर वाटून, गाळून रश्शाला ठेवत होतो. मांसात कवचाची कच एवढीशीही राहता कामा नये, म्हणून दाजी डोळ्याला भिंग लावून बोटांनी चाचपत होते. मध्येच त्यांनी वाटीवरून चुंबक फिरवून पाहिलं. अक्का म्हणाली, "अहो, खेकडा हाय, लोखंड न्हाई." "बघून घ्यावं," म्हणाले. कांदा, लसूण, कोथिंबीर, भाजलेलं डाळीचं पीठ आणि एक अंडं घालून त्यांनी मांस मळलं आणि नव्याकोऱ्या बेअरिंगची बाहेरची कडी धुऊन तिच्यात टिक्क्या पाडल्या. सगळ्या एकाच मापाच्या, सुताचाही फरक नाही. तव्यावर अशा खरपूस झाल्या की माझं तोंड खवळलं, पण पहिला मान काकूचा.

काकूने एक टिक्की खाल्ली. "ग्वाड हाय," म्हणाली. दाजी फुलले. मग तिने पदराने बोटं पुसली. "पर ह्यात खेकडा कुठंय, पाव्हनं? खेकडं खायाचं म्हंजी बोटं वली व्हाया पायजेत. त्वांडानं सुर्रकन वढाया पायजे. ह्ये भज्यावानी हाय. ऱ्हाऊ द्या, पोरींना द्या. मला बास झालं." आणि ताट सारलं.

अक्का भिंतीकडे तोंड करून बसली. मला दाजींचा चेहरा बघवेना. ते उठून शेडमध्ये गेले, आणि आता वाइसची खैर नाही असं मला वाटलं. पण आवाज आला तो भांड्यांचा. खेकड्याच्या पुढच्या दोन जाडजूड नांग्या असतात ना, त्या दाजींनी बाजूला काढून ठेवल्या होत्या. त्यांची टोकं तशीच ठेवून त्यांनी मागचं कवच तेवढं पक्कडीने अलगद सोललं, आतलं मांस तसंच लोंबतं ठेवलं आणि प्रत्येक टिक्कीत एकेक नांगी खोचली, मुठीसारखी. पायांचा गाळलेला रस्सा गरम केला, खोलगट ताटात ओतला आणि त्यात टिक्क्या उभ्या केल्या. ताट काकूपुढे ठेवलं. मग हा माणूस, ज्याने सासूपुढे कधी आवाज चढवला नव्हता, मांडी घालून बसला आणि म्हणाला, "मामी, एक सांगू? खेकडा पाटातला हाय. लेकीचा न्हाई, जावयाचा न्हाई. त्यावर कुनाचं नाव न्हाई. तुमी तर जलमभर फुकट धरून खाल्लं त्ये. आता लाजू नगा."

काकूने नांगी चिमटीत धरली, टिक्की रश्शात बुडवली आणि सुर्रर्र असा आवाज काढला की दारातली मांजर उठून उभी राहिली. रस्सा तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. टिक्की संपली तरी नांगी तोंडातच. दुसरी घेतली, तिसरी घेतली. उरलेल्या रश्शात तिने आख्खी भाकरी कुस्करली आणि ताट बोटाने निपटून काढलं. काकूने नांगीचं टोक ताटाच्या कडेला ठेवलं, वर न बघताच म्हणाली, "पाव्हनं, सकाळच्याला हाय का शिल्लक?"

आठ वर्षांत काकूने त्या घरात मागितलेली ती पहिली गोष्ट. अक्का रडायला लागली आणि दाजी "हाय की, हाय की, चार हायेत" म्हणत चक्क उठून नाचल्यासारखे शेडकडे पळाले. ते वर्षभर दर अमावास्येला शेडमध्ये चूल पेटली. काकूच्या बांगड्या पुन्हा मनगटाशी आल्या. पुढे पुढे तर ती दोन दिवस आधीच काठीची घंटी वाजवून दाजींना आठवण करून द्यायची.

काकू जाऊन आता दोन वर्षं झाली. अमावास्येचा गोल अजून कॅलेंडरवर असतो आणि मला फोन येतो, "या, भरलेत." मागच्या वेळी गेले तर दाजी डोळ्याला भिंग लावून मांसातली कच शोधत बसले होते. मी म्हटलं, "दाजी, आमचे दात शाबूत आहेत. कशाला एवढा डोळ्यांना त्रास?" त्यांनी भिंग न काढताच उत्तर दिलं, "तुमचं ठीक हाय हो. पर कचकच लागली, तर मामी नावं ठेवतील."