पानी
काल प्रार्थनेच्या जुन्या पुस्तकातून एक पिवळा पडलेला कागद निसटला. त्यावरच्या एका ‘न’चा माझ्याच लाल पेनाने ‘ण’ केलेला होता. तेव्हा मी कॉलेजात मराठी शिकवायचो आणि चर्चमध्ये रविवारच्या वाचकांची तयारी करून घ्यायचो. मासळी विकणारी आमची शेजारीण म्हातारपणी वाचायला शिकली होती. एका रविवारी मिस्साच्या उपासनेत ती पहिल्यांदाच प्रार्थना वाचायला उभी राहिली. लुगड्याला सुक्या बोंबलांचा वास, हातात मी तपासून दिलेला हा कागद. “आमच्या विहिरींना गोडं पानी राहू दे,” तिने वाचलं. मी शेजारून कुजबुजलो, “पाणी.” माईक चालू होता. सगळ्या चर्चने ते ऐकलं. उरलेल्या ओळी तशाच ठेवून, कागद माझ्या हातात देऊन ती जागेवर जाऊन बसली. बाहेर आल्यावर, मला जन्मभर ‘पोरा’ म्हणणारी ती म्हणाली, “सर, देवाला माजं पानी कळलं नसतं काय?” पुन्हा ती कधी वाचायला उभी राहिली नाही. आमच्या घरीही पानीच म्हणायचे, हे तिला ठाऊक होतं. आता निवृत्त झालोय. लोकांचं शुद्धलेखन तपासून तपासून जीव शिणलाय. घसा सारखा कोरडा पडतो, तेव्हा तोंडातून ‘पानी’च येतं. घरातलं कुणी दुरुस्त करत नाही. निमूट पेला आणून देतात.